दत्ता, कॅसेट काढायला हवी होती

काल दुपारी पलूसकडचे दोघे जण कार्यक्रम ठरवायला दुकानात आले होते. बाहेर 'टेप-रेडिओ दुरुस्ती' अशी ढळढळीत पाटी असताना एकानं विचारलं, "फाटा बॉईज हितंच न्हवं?" मी व्हय म्हणालो. "यंदा तुमास्नी सोडत न्हाई. पन ते उंच गडी यायलाच पायजे बरं का, मफलरवालं. गेल्या टायमाला त्येनं आमच्या सरपंचाची लय उडवलीती. सरपंच अजून पावन्यारावळ्यांस्नी ते म्हनून दाखवतंय." मी दोघांना बसवलं, चहा पाजला आणि म्हणालो, तारखा बघून कळवतो.

कसल्या तारखा, दत्ता? तुझा दहावा होऊन गेला. 'तो गेला' एवढंच तर सांगायचं होतं. पण ते दोघं असे बोलत होते की तू समोरच्या टपरीवर तंबाखू आणायला गेलायस आणि आता येशील. मला ते मोडवेना. ते गेल्यापासून माझं बूड एका जागी ठरत नाहीये. एका गिऱ्हाइकाचा टेप उघडला, मिटवला, पुन्हा उघडला. त्यातला एक स्क्रू कुठं गडप झाला तो सापडेना. शेवटी शटर ओढलं आणि माधवनगरच्या बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीकडेनं उगाच चालत सुटलो. चालताना तुझ्याशी भांडत होतो. मोठ्यानं भांडत असणार, कारण एक बाई पोराला ओढून पलीकडं गेली.

तुझ्या दारात जो तो म्हणत होता, दत्ता लई शांत, कुणाला कधी वाकडं बोलला नाही. त्या रडारडीतही मला हसू फुटायची वेळ आली. माणूस गेला की त्याचा स्वभावच बदलून टाकायचा, ही काय रीत झाली? तू आणि शांत? एस.टी.च्या कंडक्टरपासून आमदाराच्या मेव्हण्यापर्यंत तू कुणाला सोडलंस? माझी तर स्टेजवर, स्टेजमागं आणि परतीच्या गाडीतसुद्धा उडवायचास. शांत म्हणे. तुला सांगतो, मला तो शांत दत्ता नको आहे. मला माझा तोंडाळ दत्ता हवाय, उलट उत्तर देणारा.

आपली गाठ पडली ती औंधजवळच्या त्या लग्नात. मी सांगलीच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड बडवायचो. पंगती चालल्या होत्या म्हणून आमचं वाजवणं थांबलेलं, आणि तुम्ही मंडपामागं बसून ओव्या म्हणत होता. तुझा चुलता पुढं, तुम्ही सगळे मागं झील धरायला. मी गिरणीच्या चाळीतला, मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तुझ्या चुलत्यानं ओळ टाकली की तिचा शेवट तुम्ही उचलून धरायचा, लांबवायचा, आणि तेवढ्या वेळात तो डोळे मिटून पुढची ओळ जुळवायचा. मला वाटलं होतं झील म्हणजे मागची हमाली. तू म्हणालास, "हमाली न्हवं रं. म्होरल्याला इचार कराय जागा करून द्यायची असती. झील लवकर सोडली तर म्होरला तोंडावर पडतोय, गड्या."

मग तू मला घरी नेऊन तुझ्या फौजी भावानं आणलेली ती कॅसेट ऐकवलीस. तिला ना कव्हर ना नाव. कुणीतरी अमेरिकेतला माणूस तालावर भडाभडा बोलत होता. मला वाटलं, हा भांडतोय. तू माझ्या दंडाला धरून म्हणालास, "बाळ्या, ऐक. ह्यो गातच न्हाई, बोलतोय नुसता. आन त्येच्या मागचा बघ. शेवटचा शबुद उचलतोय का न्हाई? आरं, झील हाय ही!" तुझ्या घरची मेंढरं मागं जाळीत ओरडत होती आणि तू आनंदानं नाचायचा बाकी होतास. पुढं लोकांनी आपल्याला रॅप म्हणून, हिप हॉप म्हणून बोलावलं, पेपरात एकदा 'पाश्चात्त्य संगीताचे अंधानुकरण' असंही छापून आलं. तू ते वाचून खो खो हसलास. तुझ्या लेखी ते तुझ्या आज्याचंच होतं, परदेशातनं फिरून आलेलं.

तू पुढं, मी मागं. ताल धरायला ऑर्केस्ट्रावाल्यांनी टाकून दिलेलं एक रिदम मशीन मी दुरुस्त करून घेतलं. ते तापलं की आपोआप जलद व्हायचं आणि तू त्याला 'बैलगाडीचं भ्यालेलं खोंड' म्हणायचास. तिसरा आला साताऱ्याचा विन्या. घरी सोवळ्यात पूजा सांगायचा आणि आपल्यात येऊन ब्रेकडान्स करत डोक्यावर गरगर फिरायचा. त्यासाठी लिनोलियमची एक गुंडाळी घेऊन हिंडायचा. मोठ्या गाड्या फाट्यावर सोडायच्या आणि तिथनं पुढं गावापर्यंत चालत जायचं, डोक्यावर मशीन, खांद्यावर गुंडाळी. म्हणून आपण फाटा बॉईज. विन्याला इंग्रजी नाव हवं होतं. तू म्हणालास, बॉईज हाय की.

तुझी रीत मात्र जगावेगळी. दुपारीच गावात जाऊन बसायचं. पारावर, हॉटेलात, सलूनमध्ये, जिथं माणसं बोलतात तिथं. कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण निवडणुकीत पडलाय, कुणाची म्हैस कुणाच्या मक्यात शिरली, सगळं गोळा करायचं आणि संध्याकाळी त्याच गावाला ते तालावर ऐकवायचं. एका गावचं दुसऱ्या गावात न्यायचं नाही. कागदावर काही लिहायचं नाही. एका हॉटेलवाल्यावर तू जुळवलेलं मला अजून येतं:

अण्णाच्या चहात दूध लय थोडं,
गप्पांत मातुर अण्णाचं उधळतंय घोडं!

मी मागनं 'घोडं' उचलला आणि खाली बसलेला अण्णा स्वतःच उठून नाचायला लागला. माणसाला स्वतःचं नाव स्पीकरवर ऐकायला किती आवडतं, हे मला तेव्हा समजलं. शिवी दिली तरी चालते, पण नाव घ्या.

आणि ते बुद्रुक. गावाचं नाव काढत नाही, तिकडनं अजून माणसं टेप दुरुस्तीला येतात. जत्रा बुद्रुकला होती. फाट्यावर उतरलो, ऊन मी म्हणत होतं, समोरच हॉटेल दिसलं म्हणून आपण तिथंच बसलो आणि दुपारभर माहिती काढली. लोकही काय खुशीत सांगत होते. त्यांच्या किसना पैलवानानं गेल्या जत्रेत कुणाला कसं लोळवलं, ते तर एकानं उठून करून दाखवलं. ओढ्याच्या अलीकडं खुर्द आणि पलीकडं बुद्रुक, आणि हॉटेलात बसलेली झाडून सगळी खुर्दाची, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गावात जायचं सोडून फाट्यावरच ठाण मांडलं की असं होतं. संध्याकाळी बुद्रुकच्या स्टेजवर, बुद्रुकच्या पाटलासमोर तू छाती काढून सुरू केलंस:

खुर्दाचा किसना, कुनाला गवसना,
आडवा आला त्येला रस्ताच दिसना!

मी दणकून 'दिसना' धरला. पहिल्या रांगेतला फेटेवाला म्हातारा काठी टेकत उठला. "आवं कलाकार, ह्ये कुनाचं गाताय? त्या किसनानं आमच्या पोराचा खांदा मोडलाय." मागची पोरं पुढं सरकायला लागली. विन्यानं गुंडाळी उचलून काखेत मारली, तो कुठल्या बाजूनं पळायचं ते बघत होता. तू वळून माझ्याकडं बघितलंस. मला कळलं. मी तो 'दिसना' सोडला नाही. दिसना, दिसना, दिसना. मशीन तापून जलद झालेलं, घसा फाटायला आलेला, म्हातारा पायरी चढतोय आणि मी आपला एकच शब्द घोळवतोय. आणि मग तू हात वर केलास:

किसना मोठा झाला कुनाच्या मातीवर?
बुद्रुकचीच धूळ हाय त्येच्या छातीवर!

म्हातारा पायरीवरच थांबला. मग हसला. मग अख्खं मैदान उठलं. त्या दिवशी आपल्याला फेटे बांधले, दत्ता, आणि परत फाट्यावर आलो तर हॉटेलातली खुर्दाची माणसं वाट बघत होती, आमच्या किसनाचं गायला का न्हाई म्हणून! 'गायलं की' असं तू शपथेवर सांगितलंस आणि ते खोटंही नव्हतं. येताना गाडीत तू माझ्या मानेवर हात ठेवून झोपलास. आभार वगैरे मानायची तुला सवय नव्हती. मीही तो हात काढला नाही.

इथवर सगळं गोड आहे. आता भांडणाकडं येतो, कारण ते अर्धवट राहिलंय आणि मला ते सोडवत नाहीये.

कोल्हापूरच्या कॅसेटवाल्यानं बोलावलं होतं आपल्याला. त्याची अट एकच, आठ गाणी पक्की बसवून द्या, कुठल्याही गावात चालतील अशी. एकदा अमुक म्हणायचं आणि एकदा तमुक, असं चालणार नाही. मी तर तिथंच हो म्हणायच्या बेतात होतो. मी टेप दुरुस्त करायचे आणि त्यात कायम दुसऱ्यांचेच आवाज ऐकायचे, हे किती दिवस? आपली कॅसेट माझ्याच दुकानात, माझ्याच हातानं लावायची, असं मी कितीदा मनात लावून बघितलं होतं. तू त्या माणसाला म्हणालास, "मलकापुरातल्या मानसानं अण्णाच्या चहाचं कशापायी ऐकायचं?" तो म्हणाला, अण्णा काढून टाका. तू म्हणालास, "मग राहिलं काय?" आणि उठलास.

परतताना सांगलीला गाडी बदलायची होती. तिथं स्टँडवर मी तुला नाही नाही ते बोललो. तू स्वतःला कोण समजतोस, तुझ्या हट्टापायी आम्ही दोघांनी असंच फाट्या-फाट्यावर मरायचं का, विन्याच्या घरचे त्याला पुण्याला पाठवायला बसलेत. तू शेंगा खात होतास. फोलपाटं टाकत म्हणालास, "बाळ्या, कॅसेटीत मी तीच ती ओळ म्हननार. रोज. ऐकनारं मानूस बदललं तरी तीच. मेल्यावानी वाटंल रं मला." मी म्हणालो, "आणि खरंच मेलास म्हंजे?" हे मी म्हणालो होतो. रागात म्हणालो होतो. तू हसलास आणि मूठभर शेंगा माझ्या हातात ठेवल्यास.

नंतर विन्या पुण्याला गेलाच, कंप्युटरवर बसला. मंडळांना मोठाले स्पीकर आणि तयार गाणी मिळायला लागली. बटण दाबलं की नाच. पोरांना कुणाची म्हैस कुणाच्या मक्यात शिरली ते ऐकायला सवड राहिली नाही. तारखा कमी झाल्या. तुझं लग्न झालं, मंगल वहिनी आल्या, पोरगी झाली, गावच्या देवीवरनं तू तिचं नाव यमाई ठेवलंस. आपण तरीही जात राहिलो, दोघंच. एकदा एका गावात समोर पंधरा-वीस टाळकी होती आणि त्यातली निम्मी ऑर्केस्ट्रा कवा सुरू होनार म्हणून विचारत होती. तू त्या पंधरा-वीस जणांची नावं विचारून घेतलीस आणि एकेकावर जुळवलंस. मी चिडून झील धरत होतो. आता आठवतं, त्या दिवशी तुझा आवाज काय लागला होता!

सांगलीच्या दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. काविळीचं तुला कुणीतरी गावठी औषध देऊन बरंच लांबवलं होतं. तरी तोंड चालू. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांवर, इंजेक्शनच्या बाईंवर, सगळ्यांवर ओळी झाल्या होत्या. मी मुद्दाम दुकानातला टेप नेला होता, नवी कोरी कॅसेट घालून. उशाशी ठेवला आणि म्हणालो, बोल. तू त्याच्याकडं बघितलंस. "आता व्हय? ह्या आवाजात? आजाऱ्याची कॅसेट काढतोस का भाड्या. बरा झाल्यावर बघू." मी विचारलं, म्हणजे तयार आहेस? "बघू म्हनलो." नक्की काय ते बोल. तेवढ्यात त्या बाईंनी मला वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. तू मागनं काहीतरी म्हणालास, खाटेवरचे आजोबा हसले, मला ऐकू आलं नाही. त्याच आठवड्यात तू गेलास. 'बघू' म्हणजे हो होतं का नाही होतं, दत्ता? मी रोज वेगळं धरून चालतो.

तुझ्या दहाव्याला पाहुणे पांगल्यावर मी तुमच्या अंगणात बसलो होतो. यमाई कोंबड्यांच्या मागं पळत होती. नाक पुसायचं कळत नाही एवढी पोर. हिला तुझा आवाज आठवायचा नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरली आणि मला तुझा असा संताप आला की मी वहिनींसमोर बोलून गेलो, "त्यानं माझं एकदा ऐकलं असतं तर आज पोरीला लावून दाखवायला बापाचा आवाज तरी असता."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. म्हणाल्या, "भावजी, कॅसेटीचं मला कळत न्हाई. पन ह्या पोरीचं काय करू ते सांगा. सांज झाली की दारात जाऊन बसती आन वराडती."

"का? काय मागती?"

"ते रानातनं आलं की हात धुवायच्या आदी तिच्यावर कायतरी जुळवायचे. दोनच ओळी, पन रोज नवं. तिचं केस, तिची चप्पल, तिनं काय सांडलं ते. शेवटचा शबुद हिनं उचलायचा. आता कुनी म्हनत न्हाई तर रडती. मी केलं एकदा, तर कालचंच म्हनते म्हनून अंगावर धावली. मला कुठनं यायला रोज नवं? तुमी बघा की जरा. तुमी व्हता न्हवं त्यांच्यासंगट."

मी होतो, पण मागं. वहिनींना ते कसं सांगणार? इतक्या गावांत इतक्या वेळा तुझ्याबरोबर उभा राहिलो, पण पहिली ओळ मी एकदाही टाकली नाही. ती तुझी जागा. मी तुला जागा करून देणारा. पोरगी येऊन समोर उभी राहिली. मी आजूबाजूला बघितलं. तू बघायचास तसं, काय आहे, कोण आहे. तोंडाला आलं ते म्हणालो:

यमाईच्या अंगनात कोंबडी आली...

"आली!"

दत्ता, मी हादरलो. शब्दामुळं नव्हे. कुठलंही पोर शब्द परत म्हणेल. तिनं तो उचलला तो अर्धा श्वास थांबून, तू मला शिकवायला महिने घालवलेस अगदी त्या ठिकाणी, आणि मग सोडलाच नाही. आली, आली, आली. हात वर, मान मागं. बोबडी, पण तालात चूक नाही. तुझ्याजवळ रेकॉर्डिंग नव्हतं, पण तू हिला रोज बसवत होतास आणि मला बोलला नव्हतास. कॅसेट असती तर ती हिनं दोन दिवसांत फेकून दिली असती, कालचंच म्हणून. म्हणजे तुझंच खरं होतं की काय? नाही. हे मी कबूल करत नाही. मला तुझा आवाज हवा होता, माझ्यासाठी हवा होता, पोरीचं नाव उगाच घेतलं मी. मला तो दुकानात एकटं असताना लावायचा होता. तो नाही, आणि तो नाही म्हणून मी कायमचा चिडलेला राहणार आहे.

पण मी चिडलेला असो नाहीतर नसो, पोरीला काय त्याचं? तिनं 'आली' धरून ठेवला होता. तिचा चेहरा लाल झाला, श्वास संपत आला, तरी सोडेना. तिनं मला जागा करून दिली होती. विचार करायला. आणि मला दुसरी ओळ सुचली नाही. वहिनी बघत होत्या, पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी नुसता बसून होतो. शेवटी तिला खोकला आला आणि ती आईच्या मांडीत जाऊन पडली. रडली नाही. तिथनंही वळून वळून बघत होती.

म्हणून मी त्या पलूसवाल्यांना तू गेल्याचं सांगितलं नाही. म्हणून गिरणीच्या कडेनं भांडत हिंडतो, म्हणून माझ्या हातातनं स्क्रू पडतात. परवा मी पुन्हा तुमच्या घरी जाणार आहे, वहिनींना तसा शब्द दिलाय. झोपताना, जेवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना माझ्या डोक्यात तेच, कोंबडी आली, कोंबडी आली. पुढं काय, दत्ता? लवकर सांग रं. तिनं श्वास धरून ठेवलाय.